वर्णनाची पानं आणि आपला दम

(भंडारदरा इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला दिलेला विषय असा : अभिजात म्हणून गाजलेल्या पुस्तकांतली लांबच लांब वर्णनं, आणि ती वाचायला वाचकाला लागणारा दम. मी मुंबईच्या गोदीत ठेक्यावर राबणारा माणूस. दहावी पास. कविता लिहितो. प्राध्यापक नाही, त्यामुळे व्याख्या-बिख्या माझ्याकडून मिळणार नाहीत. पण वाचतो. वाचताना कुठं थांबावंसं वाटलं, कुठं चार पानं एकदम उलटावीशी वाटली, याचा हिशेब ठेवतो. तोच हिशेब तुमच्यापुढं मांडतो.

या विषयावर दोन उत्तरं कायम तयार असतात. पहिलं उत्तर साहित्याच्या मास्तर लोकांचं. ते म्हणतात, आजच्या पोरांना दमच नाही, हातात मोबाईल आला आणि वाचन गेलं. दुसरं उत्तर आपल्याच पोरांचं. ते म्हणतात, सूर्योदय, चांदणं, नदीकाठ हे सगळे पोट भरलेल्यांचे चोचले; आपल्याला वेळ नाही, मुद्द्याचं बोला. पहिलं उत्तर खोटं आहे. दुसरं अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर चळवळ चालत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वर्णन लांब का आखूड हा प्रश्न गौण आहे. वर्णन करणारा कुठं उभा आहे, तिथून त्याला कोण दिसतंय आणि कोण दिसत नाही, हे विचारायचं. ते विचारलं की कुठली पानं उलटायची आणि कुठं बूड टेकून बसायचं ते आपोआप कळतं. आणि बूड टेकून बसायची सवय आपण सोडली तर साहित्याचं काही बिघडणार नाही, आपलं बिघडेल. ते कसं, हे शेवटी सांगतो.

मुळापासून धरू. मराठीत आपण 'कादंबरी' म्हणतो. हिंदीवाले 'उपन्यास' म्हणतात, गुजराती 'नवलकथा' म्हणतात. आपण आणि कानडी लोक मात्र 'कादंबरी'. हे एका पुस्तकाचं नाव, आणि त्या पुस्तकातल्या नायिकेचं. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या दरबारात बाणभट्ट नावाचा पंडित होता, त्यानं ते संस्कृतात लिहिलं. अर्धवट टाकून मेला, मुलानं पुरं केलं. म्हणजे उद्या तुमच्यातल्या कुणी आपल्या चाळीवर, आपल्या नाक्यावर पाचशे पानं लिहिली तरी त्याच्या कपाळावर हर्षाच्या दरबाराचा शिक्का बसणारच. नावातच बसलाय.

या बाणभट्टाचं वर्णन कसं? वाक्य सुरू होतं, पान संपत आलं तरी क्रियापदाचा पत्ता नाही. विशेषणावर विशेषण, समासात समास, जशी शेडमध्ये गोणीवर गोणी चढवून थप्पी लावतात तशी. वेबर नावाचा जर्मनीतला मोठा संस्कृत पंडित होता. त्यानंसुद्धा कुरकुर केली, की हे गद्य म्हणजे हिंदुस्थानातलं रान आहे, वाट आपणच तोडत जायची. म्हणजे दम निघणं ही काही झोपडपट्टीतल्या पोरांची मक्तेदारी नाही. जर्मन पंडिताचाही निघाला.

आणि हे लांबण लावणं लहर म्हणून नव्हतं, तो कायदाच होता. दंडी नावाच्या शास्त्रकारानं यादीच देऊन ठेवलीय, की महाकाव्यात काय काय वर्णन पाहिजे : नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय, बागेतली मौज, पाण्यातली मौज, मद्यपान, लग्न, लढाई. यादी पुन्हा ऐका. नगर आहे, नगर झाडणारा नाही. बाग आहे, बागेला पाणी घालणारा नाही. मद्य आहे, ते गाळणारा नाही. हजार-बाराशे वर्षं आपल्याकडच्या पंडितांनी या यादीवर बोट ठेवून काव्याचे मार्क दिले.

आता गंमत बघा. ज्या पुस्तकानं आपल्याला 'कादंबरी' हा शब्द दिला, त्याची गोष्ट सुरू होते एका अस्पृश्य मुलीपासून. राजा शूद्रक दरबारात बसलाय. त्याच्या थाटाचं वर्णन होतं. मग वर्दी येते, की दक्षिणेकडून एक चांडाळ मुलगी पोपटाचा पिंजरा घेऊन दाराशी आलीय. ती आत येते. लांबच थांबते. आणि हातातल्या बांबूच्या काठीनं दरबाराच्या फरशीवर आवाज करते, राजाचं लक्ष जावं म्हणून.

ही काठी कुठली? बाणाच्या दोनशे वर्षं आधी फाहियान नावाचा चिनी भिक्खू इथं फिरून गेला. त्यानं लिहून ठेवलंय की चांडाळ वस्तीबाहेर राहतात, आणि नगरात शिरताना लाकूड वाजवत येतात, म्हणजे बाकीच्यांना कळावं आणि त्यांनी अंग चोरून बाजूला व्हावं. परक्या देशाच्या भिक्खूला दोन ओळींत जे दिसलं, ते बाणाच्या काही पानांत आहे, पण कसं आहे? बाण बघतो ती काठी धरणारा हात कसा कमळासारखा, त्या हातातली कांकणं कशी वाजतात. मुलीचा काळा रंग, घोट्यापर्यंतचं निळं वस्त्र, डोळे, चाल. उपमा पुरे होत नाहीत. आणि मग राजा मनाशी म्हणतो, की विधात्यानं हिला घडवताना विटाळाच्या भीतीनं हात लावला नसावा, म्हणूनच ही एवढी निर्मळ उतरली. मित्रांनो, कौतुकसुद्धा शिवाशिव पाळून केलंय.

पुढं काय होतं? तिच्याबरोबर आलेला म्हातारा बोलतो. पोपट बोलतो. सगळं पुस्तक म्हणजे त्या पोपटानं सांगितलेली गोष्ट. त्या दरबारात मुलगी बोलत नाही, तिला फक्त बघतात. आणि शेवटी, मुलानं पुऱ्या केलेल्या भागात, खुलासा होतो की ही चांडाळ नव्हतीच. साक्षात लक्ष्मी होती. म्हणजे एवढं सौंदर्य खरोखरच्या चांडाळणीच्या पदरात ठेवायला त्या ग्रंथाचं मन झालं नाही.

आता मला सांगा, ही पानं उलटायची? आपला एखादा पोरगा म्हणेल, बामणी वर्णन, टाका पुढं. मी म्हणतो, थांब. हे पान उलटलंस तर पुरावा हातचा घालवलास. वर्णन करणारा माणूस तिथं बेसावध असतो. गोष्ट सांगताना तो जपून बोलतो, उपदेश करताना तर फारच जपून बोलतो. वर्णनात त्याची नजर उघडी पडते. तो काय बघतो, कशावरून नजर काढून घेतो, सगळं तिथं नोंदलेलं असतं. आपल्याला त्या ग्रंथाची आरती करायची नाही. पण साक्षीदार म्हणून त्याला उभा करायचा तर त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

तिथून मराठीत या. पहिली मराठी कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'चं नाव घेतात, १८५७ सालचं, विधवांच्या हालांवरचं पुस्तक. त्याच्यामागून १८६१ला हळब्यांची 'मुक्तामाला', १८६८ला रिसबुडांची 'मंजुघोषा' अशी अद्भुताची रांग लागली. दंडीची यादी लुगडं बदलून मराठीत आली. आणि त्याच काळात दुसरी एक मुक्ता लिहीत होती. मुक्ता साळवे. मांगाची पोर, जोतिबांच्या शाळेत शिकणारी, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, म्हणजे 'मुक्तामाले'च्या सहा वर्षं आधी. आपल्या बायका बाळंत होताना त्यांच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पाऊस अंगावर घेत त्या कशा निभावतात, हे ती सांगते. कारंजं नाही, उपवन नाही. पण हेही वर्णनच आहे. मराठी कादंबरीचा इतिहास शिकवताना एक मुक्ता शिकवतात, दुसरी बहुतेक वेळा राहून जाते.

आणि जोतिबा स्वतः. 'शेतकऱ्याचा असूड' त्यांनी १८८३ला लिहून पुरा केला. लोक त्यातलं भाषण आठवतात, सरकारवरचे आणि भटांवरचे फटके आठवतात. पण त्यात एका गरीब शेतकऱ्याच्या घराचं वर्णन आहे, सावकाश, कोपरान् कोपरा दाखवत जाणारं. गुरं कुठं, चूल कुठं, मडकी कशी, अंथरुणं कसली, वास कसला. तिथं जोतिबा घाई करत नाहीत. ज्या माणसाला एवढं बोलायचं होतं, ज्याच्या अंगात एवढी आग होती, त्यानं मध्येच थांबून मडकी का मोजली? कारण त्यांना ठाऊक होतं, की ज्याचं घर कुणी कधी नीट बघितलं नाही त्याच्या दुःखावर कितीही गळा काढा, ऐकणाऱ्याला ते कहाणीच वाटणार. आधी घर दाखवा. मग घर कुणी लुटलं ते सांगा.

आता दमाचं बघू. आपल्या लोकांना दम नाही असं जे म्हणतात त्यांनी कधी जलसा ऐकलेला नाही. दिवसभर गिरणीत, गोदीत, रस्त्यावर राबून आलेली माणसं रात्री मैदानात फाटक्या सतरंजीवर बसून आंबेडकरी जलसे ऐकत होती. तमाशा रात्र-रात्र चालायचा. पोवाड्यात घोड्याचं, तलवारीचं, गडाच्या दरवाज्याचं किती वर्णन असतं! अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' ही छक्कड घ्या. आधी गावाकडं राहिलेल्या बाईचं वर्णन, सावकाश, डोळ्यांपासून चालीपर्यंत. मग मुंबईचं वर्णन, इमारती, बाजार, श्रीमंती आणि त्याखाली चेंगरलेला माणूस. मग कुठं संयुक्त महाराष्ट्राचा मुद्दा. हजारो कामगारांनी ते उभ्यानं ऐकलं. कुणी म्हणालं नाही, की शाहीर, मैनेचं राहू द्या, मुद्द्यावर या. कारण मैना प्रत्येकाची होती. प्रत्येकाची बायको गावाला होती आणि तो इथं खोलीत दहा जणांत झोपत होता. म्हणजे दमाची खाण आपल्याकडंच आहे. माणूस ज्याच्यात स्वतःला बघतो त्याच्यासाठी रात्रभर बसतो.

दम आणि वेळ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वेळ हा वर्गाचा प्रश्न आहे. ज्याच्या घरी पाणी दुसरा भरतो, धुणं दुसरी धुते, त्याला चांदण्याची चार पानं वाचायला वेळ असतो. ती चार पानं लिहिली गेली तीही तसल्याच फुरसतीत. आठ तासांच्या पाळीवर आणखी चार तास ओढलेल्या माणसानं पुस्तक उघडलं आणि त्याला डुलकी आली, तर त्याला रसिकता नाही म्हणणाऱ्याच्या मुस्काटात द्यावी. पण डुलकी येते म्हणून ते वाचायचंच नाही, हा निष्कर्ष मालकाच्या फायद्याचा आहे. त्यानं आधी वेळ घेतला, आता दमही घेईल.

आता जिथं आपण बसलोय तिकडं या. भंडारदऱ्याची जाहिरात तुम्ही सगळ्यांनी बघितलीय. धुकं, धबधबे, जूनच्या तोंडाला झाडाझाडावर लुकलुकणारे काजवे, रंध्याचा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वराचं जुनं देऊळ, वर कळसूबाई, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, १६४६ मीटर. सगळं खरं आहे. मुंबईचा माणूस इथं येतो, हिरवं हिरवं बघतो आणि फोटो काढून परत जातो. आजच्या काळातलं दंडीचं महाकाव्य म्हणजे पर्यटनाची जाहिरात. पर्वत आला, जलाशय आला, ऋतू आला. माणूस? महादेव कोळी दिसलाच तर तो चुलीवरची भाकरी देणारा म्हणून. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध लढला आणि २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. हेच डोंगर कंपनी सरकारच्या लेखी बंडखोरांच्या लपायच्या जागा होत्या. डोंगर तेच, बघणाऱ्याची जागा वेगळी.

आणि हे धरण. १९१०ला काम सुरू झालं, १९२६ला पुरं झालं. दगडी बांध, उंची २७० फूट, पोटात सुमारे अकरा टीएमसी पाणी. नाव दिलं गव्हर्नराचं, विल्सन डॅम. तलावाला आर्थर लेक. सोळा वर्षं ज्यांनी दगड फोडला, चुना मळला, टोपल्या वाहिल्या, त्यांच्यातल्या एकाचंही नाव कुठल्या कठड्याला नाही. पाणी प्रवरेतून खाली गेलं, कालव्यात गेलं, उसात गेलं. १९५०ला खाली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. डोंगर इकडं, पाऊस इकडं, साखर तिकडं. आता कुणी मला म्हणालं की या तलावावरच्या चांदण्याचं पाच पानी वर्णन वाच, तर मी वाचीन. पण मधल्या एका पानावर तो बांध कुणी चढवला हे आलं नाही, तर मला समजेल की लेखकाची पाठ कुणाकडं होती.

ते ज्यानं लिहिलं तो याच तालुक्यातला. दया पवार. धामणगाव, तालुका अकोले. धरणावर राबणाऱ्या बाईचं त्यांचं गाणं तुम्ही सगळे गाता. धरण तिच्या हातानं उभं राहतं आणि पाण्यासाठी वणवण तीच करते. आणि त्यांचं 'बलुतं', १९७८ सालचं. त्यांचे वडील मुंबईच्या सुक्या गोदीत कामाला होते, म्हणून मला ते पुस्तक जरा जास्तच जवळचं. त्यात कावाखान्याचं वर्णन आहे. एकेका खोलीत किती बिऱ्हाडं, मध्ये आडोसा कसला, बायका भंगार, चिंध्या, कागद वेचून कशा आणायच्या, पुरुष कुठं कुठं खपायचे. गावाकडचा महारवाडा, येसकराची पाळी, मेलेलं ढोर, बलुत्याचं धान्य. सगळं सावकाश. गोष्ट थांबते आणि वस्ती सुरू होते. मी ज्यांना ज्यांना ते पुस्तक दिलं, गोदीतल्या माणसांना, त्यांच्यातला एकही म्हणाला नाही की मधलं वर्णन गाळलं. उलट म्हणाले, हे एवढंच का लिहिलं?

आणि दम फक्त आपणच लावायचा का? १९७२ला 'गोलपिठा' आला तेव्हा मराठीचे जाणते वाचक शब्दांपाशीच अडखळले. प्रस्तावना लिहायची म्हणून विजय तेंडुलकरांना नामदेव ढसाळांबरोबर त्या वस्तीत फिरून यावं लागलं. चांगली गोष्ट झाली. बाणाचा एक समास सोडवायला आपली पोरं कोश उघडतात, मार्कांसाठी घोकतात. मग कामाठीपुऱ्याच्या एका शब्दासाठी त्यांनी चार पावलं चालावीत, यात कुणाचं काय गेलं? बाबुराव बागुलांच्या कथांबद्दल 'अंगावर येतं, फार भडक आहे' म्हणणारा वाचक खरं म्हणजे दम नसलेला वाचक. चंद्रोदय त्याला सोसतो, वस्ती सोसत नाही.

थोडं परदेशात जाऊन येऊ, कारण तिकडंही हेच रडगाणं आहे. अमेरिकेतला मेल्विल. १८४१ला देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून गेला आणि दहा वर्षांनी 'मोबी डिक' लिहिली. वाचक म्हणतात, गोष्ट थोडी आणि माहिती फार, मधली प्रकरणं गाळा. त्यातलं एक प्रकरण फक्त भाल्याला बांधलेल्या दोराबद्दल आहे. दोर बोटीत कसा गुंडाळतात, माणसांच्या मधून कसा जातो, आणि मासा पळायला लागला की त्यात अडकलेल्याचं काय होतं. कॉलेजातल्या वाचकाला ती माहिती वाटते. गोदीतल्या माणसाला नाही वाटत. आमच्यात होल्डमध्ये उतरलं की आधी बघायचं असतं : पोलादाच्या कॉइलखाली पाचर नीट आहे का, स्लिंगची तार कुठं उसवलीय का, वरच्या माणसाला आपला हात दिसतोय का. 'आरिया' म्हटलं की हूक खाली येणार. हे बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि हे अर्धं मिनिट ज्यानं वाचवलं त्याचा पाय जातो. मेल्विल ते अर्धं मिनिट लिहितो. हाताला घट्टे पडलेल्या माणसाचं वर्णन असंच लांब असतं, कारण कामच तेवढं लांब असतं.

दुसरा ह्यूगो. १८६२ची 'ले मिझराब्ल'. नायक जखमी पोराला पाठीवर घेऊन गटारात उतरतो, आणि ह्यूगो गोष्ट थांबवून पॅरिसच्या गटारांचा अख्खा इतिहास सांगत बसतो. वाचक वैतागतात. पण ज्यांचे भाऊबंद मुंबईच्या गटारात उतरले आणि वर आले नाहीत, त्यांनी ती पानं गाळू नयेत. हातानं मैला उपसायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ला झाला, पुन्हा २०१३ला झाला, तरी माणसं मॅनहोलमध्ये मरतात. शहर बघायचं तर खालून बघावं लागतं, हे ह्यूगोला कळलं होतं. मराठीतलं ते पान अजून पुरं लिहून झालेलं नाही. ते तुमच्यासाठी शिल्लक आहे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे वस्तीचं, घामाचं वर्णन चालेल, झाडापानांचं चालणार नाही, असं ना? तसंही नाही. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' घ्या, १९५६चं. त्यात गोष्टच नाही, नुसतं वर्णन. महिन्यामागून महिना, झाडं, फुलं, आभाळ. मी ते पुस्तक दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात वाचलं आणि कुठं पान उलटावंसं वाटलं नाही. का? कारण बाई पानाकडं बघतात तेव्हा खरोखर पानाकडं बघतात. कोवळं पान नेमकं कुठल्या रंगाचं ते सांगतात, ठोकळेबाज उपमा आणून चिकटवत नाहीत. आणि हीच बाई १९७५ला कराडच्या साहित्य संमेलनाची अध्यक्ष म्हणून व्यासपीठावर उभी राहून आणीबाणीविरुद्ध बोलली. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. ज्याच्या नजरेला नीट बघायची सवय आहे त्याला फासही वेळेवर दिसतो.

आता शेवटची गोष्ट, जी सुरुवातीला बाकी ठेवली होती. वर्णनाची सवय सुटली तर आपलं काय बिघडेल?

गरीब माणसाच्या आयुष्यात एक वर्णन हमखास येतं. पंचनामा. घटना कुठं घडली, दार कुठल्या दिशेला, रस्ता किती फुटांवर, उजेड होता की नव्हता, कोण कुठं उभं होतं. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९चा. जातीवरून अपमान, शिवीगाळ याच्या कलमात एक अट आहे : हे लोकांच्या नजरेसमोर असलेल्या जागी घडलेलं पाहिजे. २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना झालं असेल तर ते या कलमात बसत नाही. आता बघा, भिंत कुठं होती, दार उघडं होतं का, ओट्यावर कोण बसलं होतं, रस्त्यावरून दिसत होतं का, यावर खटला उभा राहतो नाही तर पडतो. आपला माणूस पोलीस ठाण्यात जातो आणि एकच वाक्य बोलतो : साहेब, त्यांनी जातीवरून शिव्या दिल्या, मारलं. वाक्य खरं आहे. पण ठाण्यातला लिहिणारा तेवढंच लिहून घेतो, आणि समोरचा वकील त्या एका वाक्यात मावेल एवढं मोठं भोक पाडतो. ज्याला आपली गल्ली, आपला ओटा, आपला नळ, त्या संध्याकाळचा उजेड, उभ्या माणसांची नावं क्रमानं सांगता येतात, त्याचा जबाब मोडायला जड जातो. तिथं वर्णन हा चोचला नाही. तिथं वर्णन म्हणजे जामीन मिळणार की नाही, शिक्षा लागणार की नाही.

आणि आपण आज काय लिहितो? अत्याचार झाला की मोबाईलवर चार ओळी. निषेध, संताप, मूठ. दुसऱ्या दिवशी दुसरा अत्याचार, दुसऱ्या चार ओळी. संताप खरा असतो, पण दहा वर्षांनी कुणी विचारलं की त्या वस्तीत किती घरं होती, पाणी कुठून आणायचे, वाद कुठल्या बांधावरून सुरू झाला, तर आपल्याकडं उत्तर नसेल. उत्तर त्यांच्या कागदात असेल, त्यांच्या शब्दांत असेल. काठी आपल्या हातात होती, पण तिचं वर्णन बाणभट्टानं केलं. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही.

म्हणून वाचायची माझी रीत सांगतो, पटली तर घ्या. लांब वर्णन समोर आलं की तीन प्रश्न विचारा. एक, लिहिणारा कुठं उभा आहे : ओसरीवर, घोड्यावर, खिडकीत, की जमिनीवर? दोन, या चित्रात कोण राबतंय, आणि तो दिसतोय की गाळलाय? तीन, विशेषणं काढून टाकली तर खाली काही उरतं का? तिन्ही प्रश्नांना उत्तर मिळालं तर वर्णन वीस पानांचं असू द्या, बसा. पहिल्या दोन प्रश्नांत लबाडी सापडली तर तरीही बसा, पेन्सिल घेऊन. आणि तिसऱ्यात काहीच उरलं नाही, नुसतं चांदणंच चांदणं, तर बिनधास्त उलटा पान. दोन रुपयांच्या रद्दीसाठी झोप घालवू नका.

आणि एक काम देतो. उद्या सकाळी सगळे धरणाच्या बाजूला फिरायला जाणार आहात. आल्यावर प्रत्येकानं एक पान लिहायचं. धरणावर लिहा, इथल्या गावातल्या विहिरीवर लिहा, नाही तर आपल्या मुंबईच्या, पुण्याच्या गल्लीवर लिहा. पण सुंदर, रम्य, विदारक, भयाण हे चार शब्द बंद. निषेध हा शब्दही उद्यापुरता बंद. मापं पाहिजेत, आकडे पाहिजेत, वास पाहिजे, आवाज पाहिजे, आणि कोण काय काम करतंय ते पाहिजे. दुपारी ती पानं इथं मोठ्यानं वाचायची, आणि बाकीच्यांनी एकही पान न गाळता ऐकायची. मग बघू आपल्याला दम आहे की नाही.

जय भीम.